प्रमाणपत्राच्या मागची बाजू

दहावी-बारावीचा निकाल लागला की नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या मौद्यात सत्कारांचे कार्यक्रम सुरू होतात. कधी मंगल कार्यालयात, कधी समाजमंदिरात, कधी शाळेच्याच व्हरांड्यात. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, स्मृतिचिन्ह. ते चालू असतानाच आमच्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी सुरू होते. पोरीचा सत्कार बघायला आलेली आई खुर्चीवर टेकते तेव्हा तिच्या नखांत चिखल असतो, आणि ती हात पदराखाली घेते. मला नेहमी वाटतं, तो हात बाहेर यायला हवा. त्या स्मृतिचिन्हावर पहिला हक्क त्याचा आहे.

अशाच एका कार्यक्रमानंतर आठवी झालेल्या एका मुलीनं मला एक कागद दाखवला. एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत तिची निवड झाली होती आणि त्यासाठी शाळेनं दिलेल्या प्रमाणपत्राची ती झेरॉक्स होती. मूळ प्रत आईनं कपाटात ठेवली होती. झेरॉक्स उलटी केली तर मागं निळ्या पेननं, जरा वाकड्या ओळींत लिहिलेलं: “रोज पहाटे पाच ते सात. रोवणीच्या दिवसांत नाही झाला. जुने पेपर चौदा सोडवले. आरशातल्या आकृत्या चुकायच्या, त्या आईच्या आरशासमोर धरून शिकले. गणित दादानं समजावलं. एक पेपर रडून अर्धा सोडला होता, तो दुसऱ्या दिवशी पूर्ण केला.”

मी तो कागद दोनदा वाचला. पुढच्या बाजूला शाळेचं नाव, शिक्का, सही, आणि ‘हार्दिक अभिनंदन’. ते कोणाच्याही प्रमाणपत्रावर असतं. मागच्या सहा ओळी मात्र तिच्याशिवाय कोणाला लिहिता आल्या नसत्या. हा लेख त्या सहा ओळींबद्दल आहे. शाळेत किंवा कॉलेजात असाल तर तुमच्यासाठी, आणि घरात कोणी शिकत असेल तर त्यांच्या आईवडिलांसाठी.

माझं सांगणं एवढंच की कष्टानं मिळवलेल्या शैक्षणिक सन्मानाची किंमत तुमची तुम्हाला कळायला हवी, आणि ती कळण्यासाठी तो कसा मिळवला याचा हिशेब तुमच्याजवळ असायला हवा. टक्के विसरले जातात. दहावीला किती होते हे बारावीनंतर कोणी विचारत नाही. पण आरशासमोर आकृती धरून उलटी बाजू ओळखायला शिकलेली मुलगी पुढं कुठल्याही अवघड गोष्टीशी अडली, की तिला आठवेल, आपण एकदा असंच अडलो होतो आणि असा मार्ग काढला होता. ही आठवण शाल-श्रीफळातून मिळत नाही.

टक्क्यांचाच विषय निघाला आहे तर नागपूरकरांना वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही अशा एका विद्यार्थ्याची गुणपत्रिका आठवा. भीमराव रामजी आंबेडकर १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. म्हणजे साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास. आज एवढे टक्के पडले तर घरात चूल पेटत नाही आणि पोरगं तोंड लपवून बसतं. पण त्या निकालासाठी परळच्या चाळीतल्या एका खोलीत काय चाललं होतं ते बघा. वडील, सुभेदार रामजी, मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः मध्यरात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला अभ्यासाला उठवायचे आणि त्यानंतरच आडवे व्हायचे. वर्गात तहान लागली तर पाण्याला हात लावता येत नव्हता अशा शाळांतून तो मुलगा इथवर आला होता. म्हणून त्या २८२ गुणांचा जाहीर सत्कार झाला. समाजसुधारक सी. के. बोले त्या सभेचे अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढं १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ते आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनं पाहिलं. सत्कारात मिळालेलं एक पुस्तक माणसासोबत किती लांब चालत येतं, याचा मी अनेकदा विचार करते. म्हणून सत्कार ठेवणाऱ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे: स्मृतिचिन्हाऐवजी पुस्तक द्या. मुलाला ओळखून, त्याच्यासाठी निवडून द्या.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला दुसरा प्रसंग मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते, कारण तो सहसा कोणी सांगत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.साठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. १९२२ च्या अखेरीस तो सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो परत पाठवला; मांडणी बदलून पुन्हा सादर करा म्हणाले. हाताशी पैसे उरले नव्हते. ते मुंबईला परतले, इथं बसून प्रबंध पुन्हा लिहिला, पाठवला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो मान्य झाला. निष्कर्ष मात्र त्यांनी बदलले नाहीत. पुस्तक निघालं तेव्हा प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली, आणि त्या प्रस्तावनेत अनेक मुद्द्यांवर आपलं मत वेगळं आहे असं स्पष्ट नोंदवलं. अर्पणपत्रिकेत मात्र बाबासाहेबांनी आईवडिलांचं स्मरण केलं आहे, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दल.

तुमचा प्रकल्प शिक्षकांनी परत केला, तुमचा पेपर अपेक्षेपेक्षा कमी आला, तर हा प्रसंग आठवा. परत आलेलं काम दुसऱ्यांदा करणं हाही कष्टाचाच भाग आहे, आणि बहुतेकांचा धीर तिथंच सुटतो. पहिल्यांदा सगळेच करतात.

आता थोडं जवळ येऊ. काटोल तालुक्यातल्या आजनगावचे डॉ. श्रीकांत जिचकार. २० पदव्या, २८ सुवर्णपदकं, हे आकडे नागपूर जिल्ह्यात पोराटोरांना पाठ आहेत. पण मला त्या आकड्यांपेक्षा तिसरा आकडा महत्त्वाचा वाटतो: १९७३ ते १९९० या काळात त्यांनी विद्यापीठाच्या ४२ परीक्षा दिल्या. उन्हाळी परीक्षा, हिवाळी परीक्षा, पुन्हा उन्हाळी. ज्यांनी नागपूर विद्यापीठाचा एक तरी पेपर दिला आहे त्यांना कळेल, दर सहा महिन्यांनी परीक्षेला बसायचं, तेही सतरा वर्षं, म्हणजे काय. एमबीबीएस, एमडी झालेला माणूस कायद्याच्या, इतिहासाच्या, संस्कृतच्या पेपरला सगळ्यांसारखा बाकावर बसत होता. पुढं आपल्या शेजारी रामटेकला कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याचे पहिले कुलगुरू तेच झाले. आपण त्यांच्या पदव्या मोजतो. तुम्ही त्यांचं बाकावर बसणं मोजा.

मोठ्या माणसांच्या गोष्टी इथं थांबवते, कारण खरा प्रश्न उद्या सकाळचा असतो. शाळा अकराला, त्याआधी घरचं काम, आई मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला गेलेली, धाकटा भाऊ सांभाळायला. अशा घरात कष्टानं अभ्यास करायचा म्हणजे नक्की काय करायचं?

माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी ठरते ती चुकांची वही. शंभर पानी, साधी. त्यात फक्त चुकलेलं लिहायचं. प्रश्न, आपण काय लिहिलं होतं, बरोबर काय होतं, आणि का चुकलं हे एका ओळीत. ‘घाईत’ असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. ‘उणे चिन्ह पुढच्या ओळीत उतरवलं नाही’ असं लिहा. महिन्याभरानं वही उघडली की दिसतं, आपण वीस प्रकारच्या चुका करत नाही, चार-पाचच प्रकारच्या करतो आणि त्याच पुन्हापुन्हा. ते चार-पाच धरले की गुण आपोआप हलतात. बरोबर आलेल्या उत्तरांवर टिक मारत बसण्यात वेळ छान जातो, पण तो अभ्यास नव्हे.

दुसरं, वेळेचा अंदाज घराच्या कामाप्रमाणे बांधा. रोवणीचे पंधरा दिवस आणि दिवाळीनंतर कापणी-मळणीचे दिवस अभ्यास होत नाही हे आधीच कबूल करा. त्या मुलीनं तेच केलं होतं. वेळापत्रकात बारा महिने रोज चार तास लिहिणारी मुलं पहिल्याच रोवणीत खचतात आणि मग वेळापत्रकच फाडून टाकतात.

आठवीतल्या मुलांच्या पालकांनी एनएमएमएसकडे, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीकडे, नीट लक्ष द्यावं. शासकीय, जिल्हा परिषद, नगर परिषद किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या मुलांसाठी ती आहे. आपल्या राज्यात पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती परीक्षा घेते. दोन पेपर, बौद्धिक क्षमतेचा आणि शालेय विषयांचा, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये, चार वर्षांत ४८ हजार. हे पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात येतात.

आणि इथं एक कळकळीची सूचना. परीक्षा पास होऊनही मुलं या पैशांना मुकतात, ती कागदांमुळं. निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो, आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. मुलगी नववीत दुसऱ्या शाळेत गेली, खात्याला आधार जोडलेलं नाही, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला नाही, दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं, अशा कारणांनी पहाटे पाचला उठून मिळवलेला सन्मान अडकून पडतो. जूनमध्येच सेतू केंद्रावर जाऊन दाखले काढून ठेवा. एक प्लॅस्टिकची फाइल करा, त्यात प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स. अकरावी-बारावीत शिष्यवृत्ती सुरू राहण्यासाठी दहावीला किमान गुणांची अट असते, ती शाळेत आधीच विचारून घ्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना दहावीत ७५ टक्के किंवा जास्त असतील तर राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्तीबद्दलही विचारा. रक्कम मोठी नाही, महिन्याला ३०० रुपये, दहा महिने. पण शाहू महाराजांच्या नावानं, गुणांवर मिळालेली आहे. ती सोडू नये.

आता जरा अवघड विषयाकडे येते. कॉपी.

परीक्षा केंद्राच्या भिंतीमागून आलेल्या चिठ्ठ्यांबद्दल भरारी पथक बोलेल, मी त्याहून मवाळ दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलते, कारण ती मी स्वतः केली आहे. कॉलेजात असताना एका विषयाचं प्रॅक्टिकलचं जर्नल मी वरच्या वर्गातल्या मुलीच्या जर्नलवरून उतरवून काढलं. प्रयोग निम्मेसुद्धा नीट केले नव्हते. अक्षर माझं चांगलं, आकृत्या सुबक. बाईंनी ते जर्नल सगळ्या वर्गाला उंच धरून दाखवलं. टाळ्या झाल्या. त्या दिवशी मी घरी गेले आणि कोणाला काही बोलले नाही. एरवी चाचणीत दोन गुण जास्त मिळाले तरी मी फाटकातूनच ओरडत यायची. रात्री जेवताना आईनं विचारलं, “आज गप्प का गं?” मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्या कौतुकाची आठवण आजही आली की मला तोच घास आठवतो.

तेव्हापासून माझ्याजवळ एक साधी कसोटी आहे. मिळालेलं कौतुक घरी जाऊन, डोळ्यांत डोळे घालून, कसं मिळवलं हे सगळं सांगून ऐकवता येतं का? येत असेल तर ते तुमचं. आता तर मोबाइलला विचारलं की अख्खा प्रकल्प तयार मिळतो, तोही छान भाषेत. मोबाइल वापरू नका असं मी म्हणत नाही. समजत नसेल तर त्याला विचारा, दोनदा विचारा, उदाहरण मागा. मग तो बंद करून उपडा ठेवा आणि आपल्या शब्दांत, आपल्या चुकांसकट लिहा. मौद्यातला प्रकल्प असेल तर कन्हानच्या पात्रात जाऊन या, औष्णिक वीज प्रकल्पाची राख कुठं जाते ते गावातल्या लोकांना विचारा, पेंचच्या कालव्याचं पाणी तुमच्या बांधीत कोणत्या महिन्यात येतं ते वडिलांना विचारून तारखा लिहा. हे मोबाइलजवळ नाही, तुमच्याजवळ आहे. परीक्षकाला ते एका पानात ओळखू येतं.

पालकांसाठी दोन गोष्टी. फ्लेक्स लावायचा असेल तर लावा, आनंद मोठा असतो, मी आडवी येणार नाही. पण लावण्याआधी मुलाला विचारा. काही मुलांना चौकात आपला फोटो बघून दडपण येतं, पुढच्या वर्षी खाली आलो तर काय, या विचारानं ती अकरावीत झोपत नाहीत. आणि निकालाच्या दिवशी पहिला प्रश्न ‘किती पडले?’ असा न विचारता ‘कुठला पेपर सगळ्यात कठीण गेला होता आणि तू काय केलंस?’ असा विचारून बघा. मुलं बोलायला लागतात, आणि जे बोलतात तेच पुढं त्यांच्या कामाचं असतं.

ज्यांना यंदा सन्मान मिळाला नाही त्यांच्याशीही बोलायचं आहे. तुमची मेहनत खरी होती आणि एखाद्या विषयात गुण पटत नसतील तर रडत बसण्याआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. मंडळाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. छायाप्रत हातात आल्यावर विषयशिक्षकांसोबत बसून ओळ न् ओळ तपासा, आणि खरोखर गुण राहून गेले असतील तर पुनर्मूल्यांकनाला टाका. त्यासाठी छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाचे पाचच दिवस असतात, म्हणून शिक्षकांना आधीच गाठून ठेवा. छायाप्रत न बघता नुसत्या रागानं अर्ज करू नका. बऱ्याचदा आपली चूक आपल्यालाच दिसते, आणि मग ती चुकांच्या वहीत जाते. नापास झाला असाल तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार आहे. दोन्हींना बसण्यात कमीपणा नाही. प्रबंध परत आल्यावर पुन्हा लिहिणाऱ्या माणसाचा फोटो आपल्या घराघरांत आहे.

मुलींसाठी आणखी एक. आमच्या खेड्यांतून चांगलं शिकणाऱ्या मुली दहावीनंतर अडतात त्या बऱ्याचदा बसपाशी. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजात जायला एसटीचा मोफत पास मिळतो, शाळेकडून फॉर्म भरून घ्या. अंतर लांब म्हणून घरी बसवण्याआधी हा पास काढून बघा, एवढं माझं ऐका.

आणि ती मागची बाजू. घरातल्या गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, लॅमिनेशन केलेली जुनी प्रमाणपत्रं असतील. चौथीची, आठवीची, निबंध स्पर्धेची. या रविवारी ती बाहेर काढा, एकेकाची झेरॉक्स काढून आणा आणि मागं लिहायला बसा. किती वाजता उठत होतात, काय येत नव्हतं, ते कसं आलं, कोणी मदत केली. नावं लिहा. रडलात तर तेही लिहा. जे आठवत नसेल ते आईला विचारा. पहाटे तुम्हाला कोण उठवत होतं आणि चहा कोण करत होतं, ते तिला बरोबर आठवेल.